वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयीन आइस हॉकीचा एप्रिल

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेविषयी वाचकांकडून बरीच पत्रे आली. ज्यांची मुले किंवा भाचे-पुतणे तिकडे शिकतात, अशा घरांतून आलेली पत्रे त्यांत अधिक आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांपैकी निवडक पत्रांची उत्तरे या वेळी एकत्रच देत आहोत.

प्रश्न : माझा भाचा मिशिगन टेक विद्यापीठात एम.एस.साठी गेला आहे. फोनवर तो अभ्यासापेक्षा आइस हॉकीविषयीच अधिक बोलतो. वसंतात होणारी ही राष्ट्रीय स्पर्धा नेमकी कशी असते आणि विद्यार्थ्यांच्या सामन्यांना एवढे महत्त्व कशामुळे मिळाले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याला फार दोष देऊ नका. तो ज्या हॉटन गावी राहतो ते लेक सुपीरियर या विशाल सरोवरात शिरलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर वसलेले आहे आणि तिथे एका हिवाळ्यात दोनशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. अशा ठिकाणी पाच-सहा महिने संध्याकाळी गाव एकत्र जमते ते हॉकीच्या रिंकवर. शिवाय हे विद्यापीठ या खेळातले जुने घराणे आहे. १९६२, १९६५ आणि १९७५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत, तिन्ही वेळी प्रशिक्षक जॉन मॅकिनिस होते आणि विद्यापीठाच्या रिंकला आज त्यांचेच नाव आहे. १९६५च्या संघात असलेले टोनी एस्पोझिटो पुढे शिकागो संघाचे गोलरक्षक म्हणून व्यावसायिक हॉकीत फार मोठे झाले.

आता स्पर्धेविषयी. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था १९४८पासून ही स्पर्धा भरवते. पहिल्या वर्षी चारच संघ होते. कोलोराडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर या हॉटेलाच्या बर्फगृहात सामने झाले आणि मिशिगन विद्यापीठाने डार्टमथला ८-४ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढली काही वर्षेही स्पर्धा त्याच हॉटेलात होत राहिली. राष्ट्रीय स्पर्धा एका हॉटेलाच्या पाहुणचारावर चालावी, यावरून तेव्हाचा तिचा आवाका ध्यानात यावा. २००३पासून स्पर्धेत सोळा संघ असतात. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साठहून अधिक विद्यापीठे सहा प्रादेशिक गटांत खेळतात. त्या सहा गटांच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो आणि उरलेल्या दहा जागा हंगामभराच्या निकालांवरून गणिताने ठरतात. निवड समितीच्या मर्जीला इथे वाव जवळजवळ नाही. म्हणूनच हिशेबी स्वभावाचे रसिक फेब्रुवारीपासून आकडेमोड करत बसलेले असतात.

मार्चअखेरीस चार शहरांत चार-चार संघांच्या विभागीय फेऱ्या होतात. दोन सामने जिंकणारा संघ अंतिम चौघांत येतो. या टप्प्याला फ्रोझन फोर म्हणतात आणि तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एखाद्या मोठ्या शहरात होतो. गुरुवारी दोन्ही उपांत्य सामने, शनिवारी अंतिम सामना आणि मधल्या शुक्रवारी वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला होबी बेकर पुरस्कार, असा तो क्रम आहे. थोडक्यात, विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकावे लागतात आणि एकही हरून चालत नाही.

महत्त्व का, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी १९८०मध्ये दडलेले आहे. लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले, तो संघ बहुतांशी महाविद्यालयीन मुलांचा होता. त्याचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी मिनेसोटा विद्यापीठाला १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन विजेतेपदे मिळवून दिली होती. मधल्या १९७५ साली अंतिम सामन्यात ब्रुक्स यांच्या संघाला ६-१ असे धुऊन काढणारा संघ कोणता, तर आपल्या भाच्याचा मिशिगन टेक. १९७४, ७५ आणि ७६ या सलग तीन वर्षी अंतिम सामना याच दोन संघांत झाला होता. पुढच्या फोनवर हे सांगून पाहा.

प्रश्न : मी तरुणपणी मैदानी हॉकी खेळलो आहे. आइस हॉकीचे चित्रण पाहताना दोन गोष्टी कळत नाहीत. खेळाडू सारखे आत-बाहेर का करतात आणि शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक गोल मोकळा टाकून पळत बाहेर का येतो?
– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, खडकी

उत्तर : खडकीहून आलेल्या पत्राला हॉकी शिकवणे म्हणजे धाडसच, तरी दोन्ही शंकांचे निरसन करण्याचा प्रयत्न करतो.

बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. स्केट्सवर पूर्ण वेगाने धावायचे, अंगाला अंग भिडवून पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती) काढून घ्यायचा आणि लगेच उलट फिरायचे, हे चाळीस-पंचेचाळीस सेकंदांहून जास्त वेळ कुणालाही झेपत नाही. म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडू कठड्यावरून उडी टाकून बाहेर येतात आणि ताज्या दमाची तुकडी आत उतरते. ही अदलाबदल चुकीच्या क्षणी केली तर प्रतिस्पर्ध्याला मोकळे रान मिळते. त्यामुळे कोणती तुकडी कोणासमोर कधी उतरवायची, यात प्रशिक्षकाचे निम्मे कौशल्य असते. एक फरक आपल्याला विशेष जाणवेल. मैदानी हॉकीतून ऑफसाइडचा नियम १९९०च्या दशकात गेला, इथे मात्र तो जिवंत आहे. आक्रमणाच्या क्षेत्राची निळी रेषा पकाच्या आधी ओलांडता येत नाही आणि त्यामुळे त्या रेषेपाशी सतत झुंज चालते.

गोलरक्षकाचे म्हणाल, तर पिछाडीवरचा संघ त्याच्या जागी सहावा आक्रमक उतरवतो. एका गोलाने हरणे आणि दोन गोलांनी हरणे बाद फेरीत सारखेच, मग रिकाम्या गोलाचा धोका पत्करायला काय हरकत, असा तो सरळ हिशेब आहे. बहुतेक वेळा तो फसतो आणि पक रिकाम्या गोलात जाऊन सामना तिथेच संपतो. पण २००९चा अंतिम सामना पाहा. वॉशिंग्टनमध्ये बोस्टन विद्यापीठ आणि ओहायोतील मायामी विद्यापीठ समोरासमोर होते आणि शेवटचे मिनिट सुरू झाले तेव्हा मायामी ३-१ असे पुढे होते. बोस्टनने गोलरक्षक आधीच बाहेर काढला होता. मिनिटभर उरले असताना झॅक कोहेनने एक गोल फेडला. मायामीच्या खेळाडूंना पक आपल्या क्षेत्राबाहेर घालवायची संधी मिळत होती, पण तो काही बाहेर जाईना आणि सतरा सेकंद उरले असताना निक बोनिनोने बरोबरी साधली. जादा वेळेत कोल्बी कोहेनचा फटका आडव्या पडलेल्या बचावपटूला लागून वर उडाला आणि गोलरक्षकाच्या खांद्यावरून जाळ्यात गेला. बोस्टन ४-३ असे विजयी झाले. मायामीला आजतागायत विजेतेपद मिळालेले नाही. रिकाम्या गोलाचा जुगार पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

प्रश्न : हंगामभर तीस-पस्तीस सामने उत्तम खेळलेला संघ एका वाईट संध्याकाळी बाहेर फेकला जातो, हा अन्याय नव्हे काय? व्यावसायिक हॉकीप्रमाणे सातांपैकी चार सामने जिंकण्याची पद्धत इथे का नाही?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सर्वोत्तम संघ शोधून काढणे एवढाच हेतू मानला, तर पद्धत अन्यायाची आहे हे मान्य करावे लागेल. व्यावसायिक संघ एकेका प्रतिस्पर्ध्याशी सात-सात सामने खेळू शकतात, कारण खेळणे हाच त्यांचा व्यवसाय आहे. विद्यार्थ्यांना सोमवारी वर्गात बसायचे असते. पण या व्यावहारिक कारणाहून मोठी गोष्ट खेळाच्या स्वभावात आहे. बास्केटबॉलमध्ये शेकड्याने गुण होतात, तेव्हा बलवान संघाचे बळ शेवटी दिसतेच. आइस हॉकीत दोन-तीन गोलांत निकाल लागतो आणि त्यातही गोलरक्षकाला त्या रात्री सूर सापडला, तर समोरच्या संघाची सगळी श्रीमंती बर्फावर पडून राहते. म्हणून एकाच सामन्याची बाद फेरी इथे जितकी उलथापालथ करते, तितकी अन्य कोणत्याही महाविद्यालयीन खेळात क्वचितच होत असेल.

येल विद्यापीठाचे २०१३ साल घ्या. येल ज्या आयव्ही लीग या जुन्या नामवंत विद्यापीठांच्या गटात आहे, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. सोळांत त्यांचे मानांकन पंधरावे होते. पहिल्याच सामन्यात बलाढ्य मिनेसोटाशी गाठ पडली. जादा वेळ सुरू होऊन नऊ सेकंद होतात न होतात तोच येलने गोल करून सामना संपवला. मग नॉर्थ डकोटाला ४-१ आणि उपांत्य सामन्यात मॅसॅच्युसेट्स-लोवेलला पुन्हा जादा वेळेत हरवले. पिट्सबर्ग येथील अंतिम सामन्यात समोर कोण, तर शेजारच्याच गावचे क्विनिपिॲक, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोच्च मानांकित संघ. त्याने त्याच हंगामात येलला तीन वेळा हरवले होते. चौथ्या वेळी मात्र येलचा गोलरक्षक जेफ माल्कम याने आलेले छत्तीसही फटके अडवले आणि येल ४-० असे जिंकले. नागपूरच्या वाचकांच्या न्यायाने, चारांपैकी तीन सामने जिंकलेला क्विनिपिॲकच श्रेष्ठ ठरायला हवा होता. पण चषक येलच्या गावी, न्यू हेवनला गेला आणि मला त्यात अन्याय दिसत नाही. कोणता सामना जिंकायचा आहे, हे सर्वांना आधीपासून ठाऊक होते. (क्विनिपिॲकलाही दहा वर्षांनी, २०२३ साली, विजेतेपद मिळाले. मिनेसोटाविरुद्धचा तो अंतिम सामना त्यांनी जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला जिंकला.)

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, युनियन कॉलेजने फिलाडेल्फियात मिनेसोटाला ७-४ असे हरवले. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील या महाविद्यालयात जेमतेम दोन हजारांवर विद्यार्थी आहेत आणि त्याचे अन्य खेळांचे संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतात. फक्त हॉकीत ते पहिल्या श्रेणीत उतरते आणि तेव्हा खेळाडूंना खेळाची शिष्यवृत्ती देत नसे. समोर होते पन्नास हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचे, देशातील हॉकीप्रेमी राज्याचे विद्यापीठ. त्याआधी २००६मध्ये होली क्रॉसने याच मिनेसोटाला पहिल्या फेरीत जादा वेळेत गारद केले होते. मिनेसोटाच्या समर्थकांनी या स्पर्धेवर रागवावे, एवढा हक्क त्यांना नक्कीच पोहोचतो.

अभियांत्रिकीच्या निमित्ताने आपल्याकडे ज्याचे नाव परिचित आहे, ते रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही याच पंक्तीत बसते. २०१०मध्ये त्याने डेन्व्हर आणि न्यू हॅम्पशायर या दोघांना हरवून फ्रोझन फोर गाठली. तिथे विस्कॉन्सिनने ८-१ असा धुव्वा उडवला हे खरे. पण त्या स्पर्धेचे सामने डेट्रॉइटच्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये झाले आणि अंतिम सामन्याला ३७ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. एरवी दोन-अडीच हजारांच्या घरगुती रिंकवर खेळणाऱ्या मुलांना ते छप्पर केवढे वाटले असेल!

याउलट, बलवान संघ नेहमी हरतातच असेही नाही. डेन्व्हरने २०२४ साली बोस्टन कॉलेजला २-० असे नमवून दहावे विजेतेपद मिळवले आणि मिशिगनचा नऊ विजेतेपदांचा टप्पा मागे टाकला. २०२५ साली मात्र सेंट लुईसमध्ये वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ पहिल्यांदाच फ्रोझन फोरमध्ये आले, त्याने उपांत्य सामन्यात याच डेन्व्हरला दुसऱ्या जादा सत्रात हरवले आणि अंतिम सामन्यात बोस्टन विद्यापीठाला ६-२ अशी धूळ चारली.

खरा वाद आहे तो विभागीय फेऱ्यांच्या जागेचा. त्रयस्थ शहरात अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळण्यापेक्षा वरच्या मानांकित संघाला आपल्या गावात यजमानपद द्यावे, असे अनेक प्रशिक्षकांचे म्हणणे आहे. हंगामभराच्या कष्टाचे काही मोल व्हायला हवे असेल, तर ते असे व्हावे. सामन्यांची संख्या वाढवून नव्हे, असे माझेही मत आहे.

प्रश्न : बरोबरी झाल्यास पेनल्टी शूटआउट होते काय?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : या स्पर्धेत नाही. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे बरोबरीत संपली, तर वीस मिनिटांचे आणखी एक सत्र होते आणि पहिला गोल होताच सामना संपतो. गोल झालाच नाही तर पुढचे सत्र, मग त्याच्या पुढचे. २०२१मध्ये फार्गो येथे मिनेसोटा-डुलुथ आणि नॉर्थ डकोटा यांचा सामना पाचव्या जादा सत्रापर्यंत लांबला. एकूण १४२ मिनिटांहून अधिक खेळ झाला, डुलुथच्या गोलरक्षकाला पायांत पेटके आल्यामुळे बदलावे लागले आणि मध्यरात्र उलटल्यावर डुलुथने ३-२ असा विजय मिळवला. या स्पर्धेतील तो सर्वांत लांबलेला सामना होय.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर व्यावसायिक आइस हॉकीत सर्रास मारामाऱ्या दिसतात. महाविद्यालयांतही तेच चालते का? आमची मुलगी तिकडे आहे आणि मित्रमैत्रिणींसोबत सामने बघायला जाते.
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : निश्चिंत असा. व्यावसायिक हॉकीत हातमोजे टाकून भांडणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवतात आणि तो पुन्हा खेळतो. महाविद्यालयीन नियमांनुसार तो त्या सामन्यातून बाद होतोच, शिवाय पुढच्या सामन्यालाही मुकतो. हंगामात सामने मोजकेच, त्यामुळे ही शिक्षा झोंबते. शिवाय प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पूर्ण जाळी असते. मारणाऱ्याचाच हात दुखायचा. धक्काबुक्की होते, ती खेळाचा भाग म्हणून. मुलीला जाडजूड कोट घालून जायला सांगा, रिंकवर थंडी असते.

प्रश्न : हे खेळाडू खरोखर विद्यार्थी असतात, की विद्यापीठाच्या नावाखाली खेळणारे व्यावसायिक?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही टोके सोडून मधले काहीतरी. त्यांना वर्गात जावे लागते आणि ठरावीक गुण राखावे लागतात. मात्र बरेच जण शाळा संपल्यावर एक-दोन वर्षे कनिष्ठ गटाच्या लीगमध्ये खेळून मग विद्यापीठात येतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा खेळाडू वीस वर्षांचा असणे नवलाचे नाही. वयाने मोठ्या, अनुभवी खेळाडूंच्या संघांच्या तुलनेत नावाजलेल्या विद्यापीठांचे अठरा वर्षांचे गुणी खेळाडू कधी कधी कमी पडतात, ते यामुळेच.

हॉकीची आणखी एक सोय आहे. व्यावसायिक संघ अठराव्या वर्षीच खेळाडूची निवड करून त्याच्यावर हक्क राखून ठेवू शकतो आणि तरीही तो खेळाडू विद्यापीठातच राहतो. करारावर सही केली की मात्र महाविद्यालयीन खेळ संपला. बोस्टन विद्यापीठाच्या मॅक्लिन सेलेब्रिनीने २०२४ साली सतराव्या वर्षी होबी बेकर पुरस्कार पटकावला, जूनमध्ये सॅन होजे संघाने त्याची पहिल्या क्रमांकाने निवड केली आणि एका वर्षातच त्याने विद्यापीठ सोडले. असे अपवाद थोडे असले तरी दरवर्षी अंतिम सामना आटोपताच काही दिवसांत खेळाडूंच्या सह्यांच्या बातम्या येतात.

पैशाचे चित्रही बदलले आहे. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या वापरातून कमाई करता येते. कॅनडातील प्रमुख कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्यांना एनसीएए पूर्वी व्यावसायिक मानून प्रवेश नाकारत असे. ऑगस्ट २०२५पासून ती बंदी उठली. त्यामुळे उत्तम कॅनेडियन खेळाडूंचा ओघ मोठ्या विद्यापीठांकडे वळेल आणि युनियनसारख्यांची वाट अधिक खडतर होईल, अशी धास्ती मला वाटते.

प्रश्न : मुलींच्या स्पर्धेविषयी कुठेच वाचायला मिळत नाही. ती असते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : असते आणि तिच्याविषयी कमी लिहिले जाते ही तक्रार रास्त आहे. एनसीएएची महिलांची स्पर्धा २००१मध्ये सुरू झाली आणि पहिली तिन्ही विजेतेपदे मिनेसोटा-डुलुथने मिळवली. आता तिच्यात अकरा संघ असतात. पुरुषांच्या स्पर्धेत जी उलथापालथ दिसते, ती इथे फारशी दिसत नाही. २०२५ पर्यंतची सगळी विजेतेपदे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिनेसोटा-डुलुथ, क्लार्कसन आणि ओहायो स्टेट या पाचच विद्यापीठांनी वाटून घेतली आहेत. चांगल्या मुली मोजक्याच ठिकाणी एकवटतात, हे त्याचे कारण.

याचा अर्थ सामने एकतर्फी होतात असा नव्हे. २०२५च्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेट ३-२ असे पुढे होते आणि वीस सेकंदही उरले नव्हते. तेवढ्यात गोलासमोरच्या झटापटीत त्यांच्या खेळाडूने पक हाताने झाकल्याचे पंचांनी चित्रण पाहून ठरवले आणि विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्स एकटी पक घेऊन निघाली, तिने गोलरक्षिकेला चकवून बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही तिनेच केला.

प्रश्न : मुलगा बोस्टनला शिकतो. फ्रोझन फोरचा अंतिम सामना त्याच्याबरोबर फोनवर बोलत आम्हांलाही बघायचा आहे. आपल्याकडे तो किती वाजता असतो? आणि बोस्टनमध्ये असताना त्याने आणखी काय पाहावे?
– एक पालक, ठाणे

उत्तर : अंतिम सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार शनिवारी संध्याकाळी असतो. २०२५चा सामना साडेसातला सुरू झाला, म्हणजे भारतात रविवारी पहाटेचे पाच. गुरुवारचा पहिला उपांत्य सामना तिकडच्या दुपारी असल्यास आपल्याकडे रात्री उशिरा जागावे लागेल, दुसरा सामना शुक्रवारी पहाटे येईल. जादा वेळ किती चालेल याचा भरवसा नाही, तेव्हा रविवारी सकाळी लवकर बाहेरचे काम ठेवू नका.

बोस्टनला आहे तर मुलाने फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार मोकळे ठेवावेत. बोस्टन विद्यापीठ, बोस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या चार शेजाऱ्यांची बीनपॉट स्पर्धा १९५२ सालापासून चालत आलेली आहे. राष्ट्रीय विजेतेपदाशी तिचा थेट संबंध नाही, पण त्या शहरात तिचा मान वेगळाच. वरच्या मजल्यावरची, विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाजवळची तिकिटे घ्यावीत. खेळ तिथून पूर्ण दिसतो आणि आरोळ्याही तिथेच शिकायला मिळतात.